रोल कोरा निघाला? आधी कडा वाचा
कृष्णधवल फिल्म आणि घरचं डेव्हलपिंग : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

घरी फिल्म डेव्हलप करणाऱ्यांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेकांनी ‘काहीतरी बिघडलं’ एवढंच लिहिलंय. डोळ्यांना नेमकं काय दिसतंय ते लिहिलेलं नाही. पुढच्या वेळी निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरा. डाग काळा आहे की पारदर्शक, छिद्रांजवळ आहे की मधोमध, एकाच फ्रेमवर की रोलभर, एवढं कळवा. निम्मं उत्तर तिथेच असतं.

प्रश्न : ३६ फोटोंचा पहिलाच रोल घरी डेव्हलप केला. टँक उघडला तर फिल्म काचेसारखी पारदर्शक, एकही फोटो नाही. चूक कॅमेऱ्यात झाली की टँकमध्ये?

उत्तर : फोटो राहू द्या, छिद्रांबाहेरची कड बघा. तिथे फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे असतात. ते शाईने छापलेले नसतात. कारखान्यातच उजेडाने फिल्मवर उमटवलेले असतात आणि डेव्हलपर लागल्यावर काळे होतात (डेव्हलपर म्हणजे फोटो उमटवणारं द्रावण). त्यामुळे प्रत्येक रोलबरोबर एक साक्षीदार फुकट मिळतो.

आकडे ठसठशीत काळे आणि फ्रेमच्या जागा रिकाम्या असतील, तर डेव्हलपरने आपलं काम चोख केलंय. फिल्मवर उजेडच पडलेला नाही. शटर न उघडणं हे कारण असू शकतं, पण बहुधा फिल्मचं टोक टेक-अप स्पूलमधून (फिल्म गुंडाळून घेणाऱ्या दांड्यातून) निसटलेलं असतं आणि तुम्ही ३६ वेळा एकाच जागी बटण दाबलेलं असतं. फिल्म भरून कॅमेरा बंद केला की रिवाइंडची खुंटी बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून ढील काढून घ्या, मग लिव्हर ओढा. ओढताना ती खुंटी आपोआप उलटी फिरली, तरच फिल्म सरकतेय. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आणखी एक शक्यता : लेन्सचं झाकण काढायचं राहिलं. दृश्य वेगळ्या खिडकीतून दिसत असल्याने ते लक्षातच येत नाही.

आकडेही नसतील, तर घोटाळा टँकमध्ये आहे. एक तर डेव्हलपर मेलेला होता, नाहीतर फिक्सर आधी गेला. फिक्सर आधी गेला की डेव्हलप न झालेली सगळी चांदी विरघळून जाते. त्या रोलचं पुढे काही करता येत नाही. दोन्ही द्रव दिसायला पाण्यासारखे, म्हणून बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत नावं लिहा आणि ओतण्याच्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडा. शिवाय दर खेपेला, टँकला हात लावण्याआधी एक चाचणी करा. फिल्मच्या टोकाचा उजेड लागलेला बोटभर तुकडा डेव्हलपरमध्ये टाका. मिनिट-दोन मिनिटांत तो काळा पडायला हवा. नाही पडला, तर डेव्हलपर फेका. एक्सटॉलसारखे व्हिटॅमिन सीच्या कुळातले डेव्हलपर रंग न बदलताच मरतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका.

आता मधली अवस्था, जिच्याबद्दल पत्रं सर्वांत जास्त आहेत : फोटो आहेत, पण फिके. इथेही कड बघा. आकडे गडद आणि फोटो फिके, तर कॅमेऱ्यात उजेड कमी पडला. आकडे आणि फोटो दोन्ही फिके, तर डेव्हलपिंग कमी पडलं : वेळ कमी, द्रव थंड किंवा डेव्हलपर थकलेला. आणि आकडे दिसेनात इतकी फिल्म कडेसकट काळी असेल, तर कुठेतरी उघड्यावर उजेड लागला. काळेपणा एका बाजूने, छिद्रांतून आत पसरल्यासारखा दिसला, तर कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणाची स्पंजपट्टी कुजली आहे का ते तपासा.

प्रश्न : फिल्म टँकमधल्या रिळावर चढवताना लाल दिवा लावला तर चालेल ना? चित्रपटात तसंच दाखवतात.

उत्तर : चित्रपटात दाखवतात तो दिवा प्रिंटच्या कागदासाठी असतो. छपाईच्या नेहमीच्या कागदाला लाल रंग दिसत नाही. आजची बहुतेक कृष्णधवल फिल्म पॅनक्रोमॅटिक असते, म्हणजे तिला लालही दिसतो. पूर्ण काळोख लागतो. अपवाद ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मचा; ती तांबड्या दिव्यात हाताळता येते, पण डबीवर तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच. खोली अंधारी आहे का हे पाहायला दिवा बंद करून ५ मिनिटं बसा. डोळे सरावल्यावर हातातला पांढरा कागद दिसू लागला, तर फट आहे. घड्याळाचे चमकते काटे आणि मोबाइल बाहेर ठेवा.

प्रश्न : प्लास्टिकच्या रिळावर फिल्म अर्ध्यावर अडकते. कशीबशी चढवली, तर निगेटिव्हवर चंद्रकोरीसारखे काळे डाग उमटले.

उत्तर : चंद्रकोर म्हणजे फिल्मला पडलेली मुरड. बोटाने दाबून वाकवली की इमल्शनवर, म्हणजे फिल्मवरच्या उजेड टिपणाऱ्या थरावर, त्या दाबाचाच ठसा उमटतो आणि डेव्हलपरमध्ये काळा होतो. म्हणजे डाग हा परिणाम आहे, मूळ दुखणं अडकण्याचं आहे.

अडकण्याची कारणं तीन. पहिलं, रिळात ओल. आदल्या रोलनंतर रीळ दोन तासांत पुन्हा वापरलं, किंवा चेंजिंग बॅगेत (हात आत घालून काम करायच्या काळोख्या पिशवीत) हातांना घाम सुटला, की फिल्म खाचांना चिकटते. रीळ आदल्या दिवशीच वाळवून ठेवा. दुसरं, वेटिंग एजंटचा (फिल्मवर पाण्याचे डाग राहू नयेत म्हणून शेवटी वापरायच्या द्रावणाचा) चिकट थर. रीळ वेटिंग एजंटमध्ये बुडवण्यापेक्षा फिल्म काढून वेगळ्या भांड्यात बुडवा, आणि खाचा जुन्या टूथब्रशने गरम पाण्यात घासा. तिसरं, फिल्मचं टोक. निमुळतं टोक कापून सरळ करा, कात्री दोन छिद्रांच्या मधून न्या आणि दोन्ही कोपरे दीड-दोन मिलिमीटर तिरपे छाटा. टोकदार कोपरा प्रत्येक वळणावर रुतून बसतो.

३६ फ्रेमची फिल्म दीड मीटरहून थोडी लांब असते. ती काही पळून जात नाही. अडकलीच, तर जोर करू नका. रीळ आणि फिल्म टँकमध्ये ठेवून झाकण लावा, हात बाहेर काढा, पुसा, पाणी प्या, मग पुन्हा बसा. आणि एक रोल सरावासाठी बळी द्या : पाच वेळा डोळे उघडे ठेवून, दहा वेळा मिटून.

प्रश्न : ४०० वेगाच्या फिल्मसाठी सुरुवातीपासून शेवटपर्यंतची कृती मापांसह द्याल का? प्रत्येक ठिकाणी वेगळंच वाचायला मिळतं.

उत्तर : वेगळं मिळतं, कारण वेळ ही फिल्म आणि डेव्हलपरच्या जोडीची असते, ४०० या आकड्याची नव्हे. तो आकडा फक्त फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे ते सांगतो. आयडी-११ हा डेव्हलपर पाण्याने एकास एक पातळ केला, तर २० अंश सेल्सिअसला एचपी५ प्लस या फिल्मला १३ मिनिटं लागतात. त्याच तापमानाला डी-७६ एकास एक मध्ये ट्राय-एक्स ४०० पावणेदहा मिनिटांत होते. दोन्ही फिल्म ४०० च्याच. खाली पहिली जोडी धरली आहे.

किती द्रव लागतो ते टँकच्या तळाशी लिहिलेलं असतं. पॅटरसनच्या टँकमध्ये ३५ मिमीच्या एका रिळाला २९० मिली. तेव्हा ३०० मिली घ्या : १५० मिली स्टॉक (पातळ न केलेला डेव्हलपर), १५० मिली पाणी, तापमान २० अंश. ओतायला सुरुवात केली की घड्याळ चालू करा. पहिल्या १० सेकंदांत टँक चार वेळा पूर्ण उलटा-सुलटा करा, मग ओट्यावर दोन-तीनदा ठोका. या ठोकण्याला टाळू नका. फिल्मला चिकटलेला हवेचा बुडबुडा डेव्हलपर अडवतो, निगेटिव्हवर बारीक गोल पारदर्शक ठिपका राहतो आणि प्रिंटमध्ये तो काळा येतो. त्यानंतर प्रत्येक मिनिटाच्या सुरुवातीला १० सेकंदांत चार उलट्या. कॉकटेलसारखा खळखळवू नका. जोर फार झाला की छिद्रांतून द्रवाचे झोत जातात आणि प्रत्येक छिद्रासमोर गडद पट्टा उठतो. अजिबात न हलवणं त्याहून वाईट. १३ मिनिटं पुरी व्हायला १० सेकंद असताना ओतायला लागा. हा पातळ डेव्हलपर एकदाच वापरायचा.

स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण) : सायट्रिक ॲसिड लिटरला १५ ते २० ग्रॅम, अर्धा मिनिट. मग रॅपिड फिक्सर, एक भाग फिक्सरला चार भाग पाणी. किती वेळ? मघाचीच तुकड्याची युक्ती इथे उपयोगी पडते. डेव्हलप न केलेला तुकडा फिक्सरमध्ये टाका. आधी दुधाळ दिसतो, मग स्वच्छ होतो. स्वच्छ व्हायला लागलेल्या वेळाच्या दुप्पट वेळ फिक्स करा. टी-मॅक्स आणि डेल्टा जातीच्या फिल्मना तिप्पट द्या. नव्या फिक्सरपेक्षा दुप्पट वेळ लागू लागला, तर तो फिक्सर संपला.

आता धुलाई. ‘रोल धुवायला टाकणे’ हा आपला शब्दप्रयोग इथे नवशिक्यांना चकवतो, कारण खरं धुणं हे शेवटचं काम आहे. नळ अर्धा तास सोडून ठेवायची गरज नाही. हार्डनर (इमल्शन कडक करणारं रसायन) नसलेला फिक्सर असेल तर इल्फर्डची पद्धत पुरते : टँक पाण्याने भरा, पाच वेळा उलटा-सुलटा करून ओता, पुन्हा भरा, दहा वेळा, पुन्हा भरा, वीस वेळा. पाण्याचं तापमान आधीच्या द्रवांच्या पाच अंशांच्या आत ठेवा. शेवटी डिस्टिल्ड वॉटरमध्ये वेटिंग एजंटचे थेंब, बाटलीवर लिहिलेत तेवढेच. जास्त घातले तर त्याचाच ओघळ वाळतो. मिनिटभर बुडवून फिल्म टांगा, खालच्या टोकाला जड चिमटा लावा. बोटांनी किंवा रबराच्या चिमट्याने पाणी निपटू नका. ओलं इमल्शन मऊ असतं. एक कण अडकला, तर संपूर्ण रोलभर रेघ जाते.

प्रश्न : आमच्याकडे नळाचं पाणी २८ अंशांवर असतं. वेळ कमी केली तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण एका मर्यादेपर्यंत. साधारण हिशेब असा, की २० अंशांच्या वर प्रत्येक अंशाला वेळ दहाएक टक्के घटते. एचपी५ प्लस आणि आयडी-११ स्टॉकची साडेसात मिनिटं २४ अंशांना सव्वापाचावर येतात, २८ ला चारच्या खाली. पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ ठेवू नये, कारण ओतण्या-काढण्यातले काही सेकंदही मग जाणवू लागतात आणि आभाळासारख्या सपाट भागात ढगळ पट्टे दिसतात.

म्हणून दोन गोष्टी एकत्र करा. डेव्हलपर एकास एक पातळ करा आणि २४ अंशांवर आणा. १३ ची सुमारे ९ मिनिटं होतील, ही आरामशीर वेळ आहे. थंड करायला बाटल्या पाण्याच्या टबात ठेवा आणि टबात बर्फाची पिशवी सोडा. बर्फ डेव्हलपरमध्ये कधीच नाही; प्रमाण बिघडतं. डेव्हलपरइतकंच स्टॉप आणि फिक्सरचं तापमानही जुळवा. २४ अंशांच्या डेव्हलपरनंतर फिल्मला एकदम फार गरम किंवा फार थंड पाणी दिलं, तर जिलेटिन आकसून त्यावर सुकलेल्या तळ्याच्या मातीसारखी नक्षी पडू शकते. याला रेटिक्युलेशन म्हणतात आणि ते पुसता येत नाही.

प्रश्न : डी-७६ घरी बनवता येतो का?

उत्तर : येतो. कोडॅकचा हा डेव्हलपर १९२० च्या दशकातला आणि सूत्र जगजाहीर आहे. एक लिटरसाठी : मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. सुमारे ५० अंशांचं ७५० मिली पाणी घ्या, वरील क्रमाने एकेक पदार्थ पूर्ण विरघळवा, मग थंड पाणी घालून एक लिटर करा. वजनकाटा ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा.

क्रमाला कारण आहे. सल्फाइट भरपूर असलेल्या पाण्यात मेटॉल विरघळत नाही, म्हणून मेटॉल आधी. पण नुसत्या पाण्यात मेटॉलला हवा लागते आणि ते तपकिरी होऊ लागतं, म्हणून त्याच्याही आधी त्या १०० ग्रॅममधलं चिमूटभर सल्फाइट टाकायचं.

घरगुती डी-७६ बिघडला, तर दुकानातून आणलेली बाटली एकदा नीट वाचा : सल्फाइट, सल्फेट आणि सल्फाइड ही तीन वेगळी रसायनं आहेत. सल्फेटने डेव्हलपरचं रक्षण होत नाही. सल्फाइड तर नासक्या अंड्याच्या वासाचं आणि विषारी. ते घरात आणूच नका. हातमोजे घाला, कारण मेटॉलची त्वचेला ॲलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की सहसा जात नाही. भुकटी मिसळताना खिडकी उघडी ठेवा. स्वयंपाकातलं भांडं, चमचा, माप, काहीही यासाठी वापरून परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

बनवल्यावर एक रात्र ठेवून मग वापरा. काठोकाठ भरलेल्या, घट्ट बुचाच्या बाटलीत सहा महिने टिकतो, अर्ध्या भरलेल्या बाटलीत दोन. म्हणून एका मोठ्या बाटलीपेक्षा चार छोट्या बऱ्या.

प्रश्न : कॉफीने फिल्म डेव्हलप होते म्हणे. खरं आहे का? मी करून पाहिलं, तर काहीच उमटलं नाही.

उत्तर : खरं आहे आणि तुमच्या बाबतीत काय झालं असेल याचा अंदाजही आहे. सोडा कोणता घेतला होता? लागतो तो धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. खाण्याचा सोडा, म्हणजे बायकार्बोनेट, पुरेसा अल्कधर्मी नसतो. त्यात कॉफीतलं कॅफिक ॲसिड काम करत नाही. (कॉफीच्या या डेव्हलपरचं नाव कॅफेनॉल असलं, तरी डेव्हलपिंगशी कॅफीनचा संबंध नाही.)

लिटरला निर्जल धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, व्हिटॅमिन सीची पूड १६ ग्रॅम, स्वस्तातली इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम. सोडा खड्याचा असेल, तर त्यात पाणी धरलेलं असतं. साधारण १४५ ग्रॅम घ्यावा लागेल. आधी सोडा विरघळवून पाणी निवळू द्या, मग व्हिटॅमिन सी, शेवटी कॉफी. पाच मिनिटं फेस बसू द्या. २० अंशांना १५ मिनिटं. ४०० च्या फिल्मवर एकूणच करडा पडदा येतो. तो आवरायला लिटरला १ ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड घाला. मिश्रण त्याच तासात वापरा, ते टिकत नाही. वास वाईट येतो. निगेटिव्ह तपकिरी झाकेची निघते, तो दोष नव्हे. आमचं मत विचाराल, तर गंमत म्हणून जरूर करा, पण परत न मिळणाऱ्या फोटोंचा रोल यात घालू नका.

प्रश्न : आजोबांचा कॅमेरा मिळाला आहे, त्याला मीटर नाही. मोबाइलवरचा मीटर वापरतो, तरी सावल्या नेहमी कोऱ्याच येतात.

उत्तर : मीटर कोणताही असो, तो समोरची वस्तू मध्यम करडी आहे असं धरून चालतो. काळा कोट दाखवा की पांढरी भिंत, त्याच्या लेखी दोन्ही करडे. तुम्ही बहुधा फोन आभाळासकट सगळ्या दृश्यावर धरता. आभाळ उजळ म्हणून तो उजेड कमी द्यायला सांगतो आणि सावल्या बुडतात. निगेटिव्ह फिल्ममध्ये सावलीत तपशील उमटलाच नाही, तर नंतर कुठल्याही युक्तीने येत नाही. उजळ भाग मात्र एक-दोन स्टॉप जास्त सहन करतात (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा).

म्हणून ज्या सावलीत तपशील हवाय तिच्याजवळ जाऊन मोजा आणि आलेल्या आकड्यापेक्षा दोन स्टॉप कमी द्या. सावलीत १/६० (शटरचा वेग) आणि एफ ४ (लेन्सच्या छिद्राचं माप) आलं, तर १/६० आणि एफ ८ लावा. ती सावली गडद राहील, पण आतलं दिसेल.

मीटरच नसेल तेव्हा : लख्ख ऊन असेल, तर एफ १६ ला शटर फिल्मच्या वेगाइतकं. ४०० च्या फिल्मला १/५००, १२५ च्या फिल्मला १/१२५. ढगाळ हवेत एफ ८, मोकळ्या सावलीत एफ ४. शंका आली, तर एक स्टॉप जास्त द्या. आजोबांच्या कॅमेऱ्याचं शटर वयोमानाने मंदावलेलं असण्याची शक्यता बरीच, तेव्हा ते तपासून घ्या.

प्रश्न : आभाळ पांढरंफटक येतं, ढग दिसतच नाहीत.

उत्तर : फिल्मला निळा रंग आपल्या डोळ्यांपेक्षा उजळ दिसतो, म्हणून निळं आभाळ आणि पांढरे ढग एकाच छटेचे होतात. पिवळा फिल्टर निळा थोडा अडवतो, नारिंगी जास्त, लाल सर्वांत जास्त. पिवळ्यासाठी एक स्टॉप, नारिंगीसाठी सुमारे दोन, गडद लालसाठी तीन स्टॉप जास्त उजेड द्यावा लागतो. लाल फिल्टरने आभाळ जवळजवळ काळं होतं, पण माणसांचे ओठही फिके पडतात. चेहरे असतील, तर पिवळाच बरा. मळभ असेल, तेव्हा कुठलाच फिल्टर कामाचा नाही. तिथे निळंच नसतं.

प्रश्न : ४०० ची फिल्म १६०० वर टाकता येते का? अर्धा रोल ४०० वर काढून झालाय.

उत्तर : येते, पण पूर्ण रोल एकाच आकड्यावर काढावा लागतो, कारण टँकमध्ये सगळ्या फ्रेमना एकच वेळ मिळते. अर्धा झाला असेल, तर हा रोल ४०० वरच संपवा. पुढच्याला एचपी५ प्लस १६०० वर लावून आयडी-११ स्टॉकमध्ये २० अंशांना १४ मिनिटं द्या. एक लक्षात ठेवा, यात फिल्मचा वेग खरोखर वाढत नाही. मधल्या आणि उजळ छटा वर ढकलल्या जातात. सावल्यांना दोन स्टॉप कमी उजेड मिळालेलाच असतो, त्या काळ्याच राहतात. रवाही ठळक होतो.

प्रश्न : रात्री ट्रायपॉडवर मीटर सांगतो तेवढाच वेळ देतो, तरी फोटो अंधारे का?

उत्तर : मिणमिणत्या उजेडात फिल्म सुस्तावते. एचपी५ प्लसला मीटरने ४ सेकंद सांगितले, तर ६ द्या, १० ला २०, ३० ला जवळपास दीड मिनिट. प्रत्येक फिल्मचा तक्ता वेगळा असतो.

प्रश्न : वाळलेली फिल्म दुधाळ दिसते. दुसऱ्या एका रोलवर जांभळट झाक आहे. दोन्ही वाया गेले का?

उत्तर : एकही नाही. दुधाळ म्हणजे फिक्सिंग अपुरं. ताज्या फिक्सरमध्ये पुन्हा पाच मिनिटं घाला, धुवा, वाळवा. वेळेवर केलं तर पूर्ण सुधारते. जांभळट झाक फिल्ममधल्या रंगद्रव्यांची, टी-मॅक्सवर ती हमखास दिसते. ताजा फिक्सर आणि थोडी लांब धुलाई दिली की जाते. हलकीशी राहिली, तरी प्रिंटला बाधा नाही. धुताना निळं, हिरवं किंवा जांभळं पाणी निघालं, तर दचकू नका, तीही रंगद्रव्यंच.

प्रश्न : एन्लार्जर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र) नाही. कागदावर प्रिंट काढायचा काही मार्ग?

उत्तर : कॉन्टॅक्ट प्रिंट. निगेटिव्हच्या सहा-सहा फ्रेमच्या सहा पट्ट्या ८ बाय १० इंच कागदावर बसतात. इथे मात्र लाल दिवा चालतो. कागदाची चकचकीत बाजू वर, तिच्यावर निगेटिव्हची निस्तेज बाजू, वर जाड स्वच्छ काच. निस्तेज बाजू ओळखायची सोपी खूण : फिल्म त्या बाजूला आत वळते. वर मीटरभर उंचीवर छोटा, मंद बल्ब टांगा.

वेळ शोधायला कागदाची एक पट्टी घ्या. तिचा काही भाग निगेटिव्हच्या पारदर्शक कडेखाली आणि काही उघडा राहू द्या. पुठ्ठा दर दोन सेकंदांनी सरकवत २, ४, ६, ८, १० सेकंदांचे टप्पे पाडा. रेझिन कोटेड (प्लास्टिकचा थर असलेला) कागद डेव्हलपरमध्ये मिनिटभर, स्टॉपमध्ये १० सेकंद, रॅपिड फिक्सरमध्ये अर्धा मिनिट, मग दोन मिनिटं धुवा. आता उजेडात बघा : फिल्मच्या कडेखालचा काळा आणि उघड्या कागदाचा काळा ज्या टप्प्यावर पहिल्यांदा एकसारखे दिसतात, ती तुमची वेळ. तिच्यापुढे जाऊ नका.

या एका वेळेवर पूर्ण रोल छापला की काही फ्रेम काळवंडलेल्या दिसतील. तिथे कॅमेऱ्यात उजेड कमी पडला होता. काही पांढुरक्या दिसतील. तिथे जास्त झाला. त्या फ्रेमना पुठ्ठ्याने झाकून किंवा जादा वेळ देऊन सुधारायचा मोह होईल, तो आवरा. हेच बघायला तो कागद खर्च केलेला असतो.